पुढे चालणारा

१

शुक्रवार, १० जानेवारी २००३. आकाश स्वच्छ. सकाळी सात वाजता बाल्कनीतल्या तापमापकावर अठरा अंश. वारा डोंगराकडून, हलका. अल खौद.

ही नोंद माझ्या वहीत जशीच्या तशी आहे. अल खौद म्हणजे मस्कतच्या कडेची आमची वस्ती. मस्कतला उतरलो त्या दिवसापासून, म्हणजे १९८२ पासून, मी रोज वही लिहितो. माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही वसईला. लिहायला कोणी शिकवले नाही. तारीख, हवा, कुठे गेलो, किती अंतर, एवढे नेमाने मांडत गेलो आणि हात बसला.

कामही तसेच शिकलो. कुरुमच्या एका मोजणी कंपनीत मी लागलो तो पट्टी धरणारा म्हणून. साहेब मागे दुर्बिणीपाशी उभा राहायचा आणि मी उंच पट्टी खांद्यावर घेऊन पुढे चालत सुटायचो. मागून हाक येईपर्यंत थांबायचे नाही, वळायचे नाही. आता दुर्बिणीमागे मी उभा असतो, पण चालायची सवय तीच राहिली.

त्या शुक्रवारी रुवीच्या चर्चमधून मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको लिनेट आणि तिची मोठी बहीण जेनेटबाय. जेनेटबाय नाताळसाठी वसईहून आली होती. जेवताना तिने बॅगेतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत अकरा कॅसेटी होत्या.

१९९९ साली माझे एक कंत्राट संपले आणि दुसरे सुरू व्हायला तीन महिने होते. आम्हाला मूलबाळ नाही, घरी वाट बघणारे कोणी नाही. आम्ही युरोपला गेलो. फ्रँकफर्टला भाड्याने गाडी घेतली आणि चौऱ्याहत्तर दिवस फिरलो. गाडीने सहा हजार आठशे चाळीस किलोमीटर, पायी तीनशे अकरा. पावले मोजायची दोन यंत्रे मी तिथेच घेतली, एक माझ्या पट्ट्याला आणि एक लिनेटच्या. तिला पत्र लिहायचा कंटाळा. आमच्या गल्फच्या लोकांत तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवायची पद्धत होती, म्हणून तिने छोटा रेकॉर्डर गळ्यात अडकवला. चालता चालता बोलायची आणि भरलेली कॅसेट बहिणीला पोस्टाने धाडायची.

"डॉमनिक, खरं सांगू?" जेनेटबाय माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत म्हणाली. "ह्या कॅसेटी येईपर्यंत मला वाटायचं, माझ्या बहिणीने एका मोजपट्टीशी लग्न केलंय."

"जेनेटबाय, गप ना," लिनेट म्हणाली, पण हसली.

"का गप? काय गोड बोलतोस रे तू! आमच्या ऑलविनला मी मुद्दाम बसवून ऐकवलं. म्हटलं, शिक काहीतरी. तीस वर्षांत ह्या नवऱ्याने मला 'दमलीस का' म्हणून विचारलं नाही."

मी म्हणालो, "कॅसेटवर मी नाही. मी पुढे असायचो."

"बघ, लाजतोय!" जेनेटबाय म्हणाली.

२

जेनेटबाय वीस जानेवारीला परत गेली. मग मी डबा उघडला.

सातव्या कॅसेटवर लिनेटच्या अक्षरात तारीख होती, १८ जून १९९९. आधी मी त्या दिवसाची वही काढली. स्पेनमध्ये सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर आम्ही होतो. नोंद अशी: 'सारिया ते पोर्तोमारीन. बावीस किमी. धुके, अकरानंतर ऊन. मी पुढे, लिनेट मागे, साधारण चाळीस पावले.'

कॅसेट लावली. खडीवर बुटांचा आवाज. लिनेटचा श्वास. "जेनेटबाय, इथे गाईंच्या गळ्यात एवढ्या मोठ्या घंटा बांधतात, धुक्यात गाय दिसत नाही, नुसती घंटा येते."

मग एक पुरुष म्हणाला, "थांब. बूट सुटलाय तुझा. मी बांधतो."

आवाज माझा होता. माणसाला स्वतःचा आवाज टेपवर परका वाटतो म्हणतात, पण ऑफिसच्या फोनवर निरोप भरून ठेवायचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे मला तो चांगला ओळखीचा आहे. वाक्य सुरू करण्याआधी मी घसा खाकरतो, तेही त्यात होते.

"पाय दुखतोय?"

"नाही रे."

"खरं सांग."

"थोडासा."

"मग बसू या इथे. घाई काय आहे?"

मी आयुष्यात कोणाला 'घाई काय आहे' म्हणालेलो नाही.

टेपवर दोघे बसल्याचा आवाज आला, पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरले. मग खूप लांबून, धुक्यातून, बारीक झालेली एक हाक आली. "लिनेट! अगं चल लवकर! उशीर होतोय!"

तोही मीच होतो. ती हाक मला आठवत होती.

लिनेट हसली. तिच्याजवळ बसलेलाही हसला, ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून माणूस हसतो तसा.

३

मी घाबरणारा माणूस नाही. आकडा चुकला तर मी पुन्हा मोजतो. एका रेकॉर्डिंगवर दुसरे चढले असेल, असे मी धरले. रुवीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा रशीद माझ्या ओळखीचा. त्याने कानाला हेडफोन लावून पंधरा मिनिटे ऐकले.

"एकच रेकॉर्डिंग आहे, भाई," तो म्हणाला. "दोन माणसं जवळ, एक लांब. लांबचा जरा रागीट दिसतो. कोण आहे?"

मी त्याचे पैसे दिले आणि कॅसेट घेऊन निघालो.

चौथी कॅसेट गाडीतली होती. गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर नकाशे, वही आणि थर्मास असायचा. मला ते हाताशी लागत. म्हणून लिनेट मागे बसायची. चौऱ्याहत्तर दिवस ती मागेच बसली, हेही मला वही चाळताना पहिल्यांदा जाणवले. कॅसेटवर वळणाच्या दिव्याची टिकटिक होती. पुढून मी घसा खाकरल्याचे ऐकू येत होते. आणि मागच्या सीटवरून माझाच आवाज हळू म्हणत होता, "झोप तू. डोकं ठेव खांद्यावर."

त्या संध्याकाळी लिनेट स्वयंपाकघरात कांदा कापत होती. मी दाराशी उभा राहून सहज विचारल्यासारखे विचारले, "त्या प्रवासातलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतं गं?"

"तू किती ऐकून घेतलंस माझं," ती लगेच म्हणाली. जणू उत्तर तयार होते. "लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांचं साठलेलं सगळं मी त्या वाटेवर बोलले. बाळाचंसुद्धा. आणि तू म्हणालास, तिला नाव नाही म्हणून तुला जास्त लागतंय. आपण नाव ठेवू या."

आमची एक मुलगी १९८६ मध्ये सातव्या महिन्यात पोटातच गेली. त्यानंतर तिचा विषय आमच्या घरात निघाला नव्हता. मी काढला नव्हता, आणि तीही काढत नाही असे मी समजत होतो.

"काय नाव ठेवलं?" मी विचारले.

सुरी थांबली. तिने वळून माझ्याकडे पाहिले.

"तू विसरलास?"

"नाही, म्हणजे..."

"डॉमनिक, ते कसं विसरशील तू? तूच ठेवलंस."

ती पुन्हा कांदा कापायला लागली आणि मी दारातून बाजूला झालो. अकराही कॅसेटी मी तीन दिवसांत ऐकून काढल्या. नाव कुठेच नव्हते. नवव्या कॅसेटमध्ये एका ठिकाणी लिनेट म्हणते, "हे नको रेकॉर्ड व्हायला," आणि खटका पडतो.

४

परक्या माणसावरून बायकोशी भांडता येते. कोण तो, कुठे भेटलात, किती दिवस, असे विचारता येते. मी कोणाचे नाव घेऊन विचारणार? तिच्या लेखी सगळे मीच केले होते. ज्याच्यासाठी तिने मला मनात चांगले म्हटले, ते मी केलेच नव्हते, आणि त्याचे माप माझ्या नावावर पडले होते. रात्री ती झोपेत कूस वळून माझ्या दंडावर हात ठेवायची तेव्हा मला वाटायचे, हा हात माझ्यासाठी नाही.

मी ठरवले की आता तिच्या शेजारून चालायचे. रोज संध्याकाळी ऑफिस सुटले की कुरुमच्या समुद्रकिनाऱ्यावर तिला घेऊन जायला लागलो. पहिल्या दिवशी मी कॅसेटवरचीच वाक्ये वापरली.

"पाय दुखतोय?"

"आत्ताच तर गाडीतून उतरलो," लिनेट म्हणाली.

"बसू या का? घाई काय आहे?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिचा एखादा कपडा घालून आलो आहे. मग ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारून चालताना ती माझ्या पावलाला पाऊल मिळवत नव्हती. दोघांचे पाऊल जुळत आले की ती अर्धे पाऊल चुकवायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डॉमनिक, तू पुढे हो ना जरा."

"का?"

"तू असा बरोबर असलास की मला काही सुचत नाही."

"आणि पुढे गेलो की?"

"मग बोलता येतं ना आपल्याला," ती म्हणाली. तिला त्यात काहीच विचित्र वाटले नाही.

मी पुढे झालो नाही. तिचे कोपर धरून शेजारीच चालत राहिलो. त्या दिवसाची नोंद: लिनेट ५,१४०, मी ५,१३८. हवा दमट. बोलणे नाही.

५

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मला मोजणीसाठी निझवाला जावे लागले. दोन दिवस, एक मुक्काम. खजुरीच्या बागांमधल्या पाण्याच्या पाटाची पातळी घ्यायची होती. दोन दिवस लिनेट घरी एकटी.

परतलो तेव्हा आमच्या इमारतीखालच्या हुसैनमियाँच्या दुकानात दूध घ्यायला थांबलो. हुसैनमियाँ रत्नागिरीकडचे, वीस वर्षे अल खौदला दुकान चालवतात. त्यांना सगळ्या इमारतीची खबर असते.

"काय डॉमनिकभाय, मजा आहे तुमची," ते सुटे पैसे काढत म्हणाले. "काल संध्याकाळी बघितलं तुम्हाला. भाभींना घेऊन वादीच्या बाजूला, त्या कोरड्या नदीकडे चालला होतात. काय हसत होत्या भाभी! मी दुकानातल्या वजीराला म्हटलं, बघ, या वयात पण."

"काल मी निझवाला होतो, हुसैनमियाँ."

"अरे छोडो! मी सलाम केला, तुम्ही हात वर केलात. हा चौकड्याचा शर्टच होता की अंगात."

शर्ट माझ्या अंगात होता. दोन दिवस तोच होता, कारण दुसरा मी न्यायला विसरलो होतो.

वर गेलो. लिनेट गाणे गुणगुणत होती. माझ्या बुटांचा आवाज जिन्यात आल्यावर गुणगुणणे थांबले. दार उघडून ती म्हणाली, "आलास?" आणि पिशवी घेऊन आत गेली. मोरीत पाहिले तर फडताळावर दोन कप धुऊन पालथे घातलेले होते.

मी दोन्ही कप पुन्हा धुतले. का, ते सांगता येणार नाही.

६

अकरावी कॅसेट मी पुन्हा ऐकली. ती फ्रँकफर्टच्या विमानतळावरची. तेव्हा मी गाडी परत करायला खिडकीपाशी रांगेत उभा होतो आणि लिनेट सामानाजवळ बसली होती. मागे विमानांच्या घोषणा चालू आहेत.

"मस्कतला गेल्यावर असंच बोलशील ना माझ्याशी?" ती विचारते.

"तो पुढे चालतोय तोवर मी आहेच," माझा आवाज म्हणतो.

"तो कोण?"

विमानाची एक घोषणा होऊन जाते. मग, "गंमत केली गं."

पहिल्या वेळी मी इथेच कॅसेट बंद केली होती. या वेळी चालू ठेवली. घोषणा, चाकांच्या बॅगा, कोणाचे तरी मूल रडते. अगदी शेवटी, लिनेटच्या श्वासापेक्षाही रेकॉर्डरला जवळ, तोंड लावून कोणी बोलावे तसे, माझ्या आवाजात: "डॉमनिक, मागे बघू नकोस हां."

फीत संपली.

मी आणखी दोन आठवडे शेजारून चालण्याचा हट्ट धरला. ऑफिसातून लवकर घरी यायला लागलो. दुकानापर्यंतसुद्धा तिला एकटे जाऊ दिले नाही. हेतू साधला. गुणगुणणे बंद झाले. मी घरी यायचो तेव्हा धुतलेला कप एकच दिसायचा. पण लिनेटचे जेवणही अर्धे झाले. ती कामापुरते बोलायची, मीठ दे, दार लाव, एवढे. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एका संध्याकाळी ती खुर्चीवर नुसती बसून होती, आणि मी विचारले तर म्हणाली, "मला करमत नाही रे. तू कुठे गेलायस?"

मी तिच्या समोर, दोन हातांवर बसलो होतो.

७

शुक्रवार, ७ मार्च २००३. आकाश स्वच्छ, दुपारी सव्वीस अंश, वारा समुद्राकडून. रियाम.

रियामपासून मत्राला डोंगरावरून एक जुनी पायवाट जाते. गाढवे नेण्याची वाट होती म्हणतात. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. माणसाशेजारी माणूस चालला तर कसाबसा मावतो. मी दुपारी लिनेटला म्हणालो, "आज डोंगरावरून जाऊ या. मी पुढे चालतो."

ती उठून बसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिने कपाटासमोर वेळ घेतला. निळा ब्लाउज घातला, केसांना पिन लावली. ते सगळे कोणासाठी चालले आहे ते मी पलंगाच्या कडेला बसून पाहत होतो. मी चौकड्याचा शर्ट घातला.

माझा बेत सोपा होता. मुलीचे नाव ऐकायचे आणि वळायचे. नाव मला हवे होते, ती माझी मुलगी होती. आणि तो कोण ते बघायचे होते.

चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही यंत्रे शून्यावर आणली आणि निघालो. मी पुढे, लिनेट मागे. चाळीस पावले ठेवली. चढ संपेपर्यंत तिच्या एकटीच्याच बुटांचा आवाज होता. खिंडीतून पलीकडे उतरलो आणि तिच्या पावलाशेजारी दुसरे पाऊल वाजायला लागले. कुठून तरी आले असे नाही, आधीपासून असावे तसे. दोन्ही पावले जुळलेली होती. एकही चुकत नव्हते.

मग ती बोलायला लागली. दोन आठवड्यांचे सगळे. करमत नव्हते, कुठे होतास, जेवण जात नव्हते.

"आहे ना मी," मागून माझा आवाज म्हणाला. घसा खाकरून.

मान ताठ ठेवून मी चालत राहिलो. पडक्या घरांच्या भिंती आल्या, एक कोरडी विहीर आली. आवाज जवळ येत होते. चाळीस पावले आता दहा झाली असावीत.

"ती आता सतराची झाली असती," लिनेट म्हणाली.

"या मेमध्ये," तो म्हणाला. "उंच झाली असती, तुझ्यासारखी. पुढे पळाली असती आपल्या. तू हाक मारली असतीस, सावकाश गं..."

पुढचा शब्द नाव होता. मी पट्ट्यावरचा आकडा पाहिला, तो १,९०६ होता. नावासाठी त्याने श्वास घेतलेला ऐकला आणि मला सहन झाले नाही. त्याच्या तोंडून ते नको होते. मी वळलो.

लिनेट एकटीच येत होती. डोके डावीकडे किंचित कललेले. ती कातळाच्या बाजूने चालत होती आणि दरीकडची बाजू तिने मोकळी सोडली होती. तिची नजर माझ्यावरून गेली, वाटेतल्या दगडावरून जाते तशी. ती थांबली नाही. मला जागा द्यावी लागली. मी पाठ कातळाला टेकवली आणि ती माझ्या समोरून गेली. तिच्या पलीकडून, कडेवरून, तीन खडे सुटून खाली गेले. मी मोजले. माझ्या डोक्याला लावायच्या तेलाचा वास आला.

मग मी त्यांच्या मागे होतो, आणि तेव्हा दिसले. उन्हात, पाठमोरे. निळा ब्लाउज आणि त्याच्याशेजारी चौकड्याचा शर्ट. शर्टवाल्याच्या डोक्यावर मागे रुपयाएवढे टक्कल होते. ते टक्कल मी न्हाव्याकडच्या आरशातच पाहिले आहे, न्हावी मागून दुसरा आरसा धरतो तेव्हा.

"लिनेट!" मी हाक मारली. "नाव काय ठेवलं आपण?"

तिचे पाऊल जरा अडखळले.

"मागून कोणी काही म्हणालं का रे?"

"नाही गं. वारा आहे. चल सावकाश."

ती चालायला लागली. मीही निघालो, साधारण चाळीस पावले ठेवून. मत्राच्या रस्त्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून अडतीस मिनिटे झाली होती. हवा स्वच्छ, वारा पडलेला. टॅक्सीची वाट बघताना लिनेटने पट्ट्यावरचे यंत्र काढून शेजारी दिले. माझ्याच आवाजात तो आकडा मोठ्याने वाचला गेला. माझ्या यंत्रावर मी वळलो तेव्हाचाच आकडा होता.

लिनेट: ४,३१२. मी: १,९०६.